बारा व्होल्ट येतात, मग फॅन का फिरत नाही? : माझ्या एट हंड्रेडचा अनुभव

माझ्याकडं १९९८ची मारुती एट हंड्रेड आहे, कार्बोरेटरवाली, एसी नाही, केए-२२ पासिंग. खानापूर-बेळगाव जाणंयेणं हिच्यावरच. मागच्या पावसाळ्यात हिला एक खोड लागली, खानापुरातून निघालं की पिरनवाडीपर्यंत टेंपरेचरचा काटा मधोमध, जागचा हलत नाही, आणि टिळकवाडीत आरपीडीच्या सिग्नलला थांबलं की चढायला सुरू. त्यात गणपतीच्या आधीचे दिवस, गणपत गल्ली आणि खडेबाजार म्हणजे गाडी चालवायची नाही, नुसती सरकवायची, तिथं तर काटा पार लाल रेषेला टेकला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर इंजिन भट्टीसारखं आणि रेडिएटरचा फॅन एकदम गप्प.

आता यात एक गोष्ट पहिल्यांदाच कळते. पळताना गार आणि थांबल्यावर गरम, म्हणजे संशय फॅनवर, कारण साठच्या स्पीडला समोरून येणारं वारंच रेडिएटर गार करतं, फॅनची गरजच पडत नाही. उलट झालं, म्हणजे हायवेला किंवा घाट चढताना तापते आणि गावात ठीक, तर मग रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, गॅस्केट असल्या भानगडी बघायच्या. माझी केस सरळ पहिली.

एका गॅरेजवाल्यानं बघितल्या बघितल्या मोटर गेली म्हणून सांगितलं, नवीन टाकायला लागणार. दुसरा म्हणाला कशाला खर्च करताय ओ, डायरेक्ट करून टाकतो, डॅशबोर्डला एक स्विच देतो, गरम झाली की दाबायचा. आमच्या भागात निम्म्या जुन्या गाड्या अशाच चालतात हे मला माहीत आहे, आणि रात्री रस्त्यात अडकलं तर मीही तेच करेन, पण कायमचं म्हणून मला ते पटत नाही. घरातलं दुसरं कोण गाडी घेऊन गेलं आणि दाबायचं विसरलं तर हेड गॅस्केटचा खर्च कोण करणार? आणि मूळ बिघाड कुठाय ते कळलंच नाही म्हटल्यावर तो तिथंच बसून राहणार की.

म्हणून मल्टिमीटर काढला. आधी माझ्या गाडीतली वायरिंग कशी आहे ते सांगतो, कारण आधीच्या मालकानं ती बरीच बदललीय, बाहेरून रिले (म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठा करंट जोडणारा स्विच) लावलाय, वायरींचे रंग कुठं जुळत नाहीत, तुमच्या गाडीत वेगळं असू शकतं. बॅटरीच्या प्लसमधून फ्यूज, फ्यूजमधून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ मधून फॅन मोटर, मोटरची दुसरी वायर बॉडीला अर्थ, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला. रिलेच्या कॉइलला एका बाजूनं प्लस आणि दुसरी बाजू इंजिनवरच्या थर्मोस्विचला. हा स्विच एका वायरचा, पाणी ठराविक तापलं की तो आतल्या आत ती वायर स्वतःच्या बॉडीला म्हणजे इंजिनला जोडतो, कॉइलला अर्थ मिळतो, रिले ओढला जातो, फॅन चालू. काटा दाखवणारा सेन्सर वेगळा आणि हा स्विच वेगळा, दोन्ही जवळजवळ असतात आणि लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा बदलून येतात. आणि एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली गाडी असेल तर फॅनचा रिले बहुतेक वेळा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो, तिथं वायर काढून कुठंही अर्थ करायच्या नादाला लागू नका.

फ्यूज काढून नुसता बघितला नाही, दोन्ही टोकांना मीटर लावला, ठीक. थर्मोस्विचची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवली तर रिले टक्क करून वाजला पण फॅन जरासा थरथरला आणि थांबला. रिले वाजला म्हणजे फक्त कॉइल चांगली, आतले पॉइंट जळलेले असू शकतात, म्हणून हॉर्नचा रिले काढून तिथं लावला, पिना सेम होत्या, तरी तेच. मग मोटरचं कनेक्टर सोडवून बॅटरीवरून दोन जाड वायरी थेट मोटरला दिल्या. हे करताना सैल बाह्या, ओढणी, बोटं लांब, आणि प्लस-मायनस उलट होऊ देऊ नका, नाहीतर फॅन उलटा फिरून हवा पुढं फेकतो. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरला की कळतं, चिकटून बसला पाहिजे. माझा चिकटला, फॅन झोकात फिरला. म्हणजे मोटर मेलेली नव्हती आणि नवीन मोटरचे पैसे तिथंच वाचले.

आता राहिलं काय, वायरिंग. कनेक्टरच्या दोन पिनांत मीटर लावला, १२.४ व्होल्ट. पूर्ण. मोटर चांगली, व्होल्टेज पूर्ण, आणि जोडलं की फिरत नाही. इथं डोकं चालेना.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर. त्यांना हाक मारली. ते आले, मीटरकडं बघितलं पण नाही, म्हणाले, "अरे बाळा, जुना हेडलाइटचा बल्ब हाय काय घरात?" होता, एक फिलामेंट गेलेला. त्याला दोन वायरी वळवून त्यांनी मोटरच्या जागी तो बल्ब जोडला. जो साठ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर डोळे दिपवतो तो नुसता विस्तवातल्या निखाऱ्याएवढा लाल झाला. आणि तेव्हाच मी त्याच पिनांवर मीटर लावला तर १२.४ कुठंच नाही, पाचाच्या खाली.

मामांचं म्हणणं सोपं होतं. मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून केसाएवढ्या तारेतून किंवा गंजातून पण तो बारा व्होल्ट दाखवतो. पण फॅनला पाच-सात अँपिअर लागतात, सुरू होताना तर त्याच्या कितीतरी जास्त, आणि वाटेत कुठं एखाद-दुसरा ओहम जरी अडकला तर पाच-सहा व्होल्ट तिथंच खल्लास. ओहमच्या रेंजवर पण हे नीट पकडता येत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच अर्धा-पाऊण ओहम दाखवतात. तेव्हा मापायचं ते लोड चालू असताना, म्हणजे फॅन किंवा बल्ब जोडलेला ठेवून. आणि तो टेस्टर, एलईडीवाला, तो तर या कामाला अजिबात उपयोगाचा नाही, त्याला पेटायला काहीच लागत नाही.

मग मोटर परत जोडली, थर्मोस्विचची वायर इंजिनला टेकवून ठेवली, फॅनला हातानं काडीनं जरा धक्का दिला (बोटानं नाही) तेव्हा तो रडत रडत फिरायला लागला, आणि त्या अवस्थेत मापं घेतली. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लस पिनपर्यंत ०.३ व्होल्ट, म्हणजे फ्यूज, रिले, सगळी वरची बाजू मस्त. मोटरच्या मायनस पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ५.१ व्होल्ट. इथं शून्याच्या जवळपास पाहिजे, ०.२ पर्यंत चालतं. चोर सापडला, अर्थिंग.

ती काळी वायर पकडून मागं मागं गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली हेडलाइटजवळ पत्र्याला एका बोल्टनं कसलेली. वरून बघितलं तर अगदी घट्ट, कुणी संशय घेणार नाही. बोल्ट खोलला तर रिंग टर्मिनलच्या खाली पत्र्यावर रंग! गाडीचं पुढचं डेंटिंग-पेंटिंग मी घ्यायच्या आधी झालेलं आहे, पेंटरनं सगळीकडं स्प्रे मारला आणि कुणीतरी त्या रंगावरच टर्मिनल कसून टाकलं. इतकी वर्षं बोल्टच्या आट्यांतून जेवढा अर्थ मिळत होता तेवढ्यावर फॅन चालला, आणि आमच्या खानापूरच्या पावसाबद्दल तर काय सांगायचं, आटेही गंजले. वायरीचं इन्सुलेशन जरा सोललं तर आतलं तांबं हिरवं, बोटानं चोळलं की भुकटी. चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापली, नवीन रिंग टर्मिनल दाबून बसवलं, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईतो घासला, दातांचा वॉशर टाकून कसला आणि वरून व्हॅसलिन थापलं. आधी व्हॅसलिन नाही हं, आधी धातूला धातू, मग वरून. परत माप, ५.१ चं ०.१५ झालं. फॅनचा आवाजच बदलला.

मला वाटलं संपलं. घरासमोर गाडी चालू ठेवून उभा राहिलो, काटा चढला, अर्ध्याच्या वर गेला, आणि फॅन? गप्प. वायर काढून इंजिनला टेकवली की लगेच घोंऽऽ. म्हणजे आता थर्मोस्विच.

गाडी गार झाल्यावर (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं धाडस करू नका, प्रेशरमधलं पाणी तोंडावर येतं) स्विच खोलला. बेळगावला स्पेअरच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं आधी विचारलं, "स्विच बेका, सेन्सर बेका?" म्हणजे कन्नडमध्ये, स्विच पाहिजे का सेन्सर. म्हटलं स्विच, सिंगल पिन. घेतला, पण जुना खरंच गेलाय काय ते बघायचं होतं म्हणून दोन्ही घरी पातेल्यात टाकले, म्हणजे दोऱ्यानं टांगून, तळाला टेकू न देता, वायरीची पिन वर कोरडी. सोबत थर्मामीटर, आणि मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे स्विच आतून जोडला गेला की कळतं. यात एक गोम आहे, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळं आपल्याकडं पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. स्विच त्याच्या वरच्या आकड्याचा असेल तर उकळत्या पाण्यात पण लागणार नाही आणि तुम्ही चांगला स्विच फेकून द्याल. माझा ९२ ला लागणारा. नवीन ९२ ला लागला, गार होताना ८७ ला सुटला. आणि जुना? तोही लागला! एखादा अंश इकडंतिकडं.

मग इंजिनवर का लागत नव्हता म्हणून जुना हातात घेऊन नीट बघितला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरच्या थर आणि त्यावर काळं सीलंट. गळती होत असणार, कुणीतरी बंदोबस्त केला. एका वायरचा स्विच अर्थ घेतो तो आट्यांतूनच. तसं बघितलं तर एखादा वेढा टेप असला तर आटे तो कापून लोखंडाला लागतात, चालून जातं, पण इथं पार पॅकिंग. खोलायच्या आधी स्विचच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मी माप घेतलेलं, ते कधी साठ ओहम, कधी काहीच नाही असं नाचत होतं, तेव्हा वाटलं पिनच नीट लागत नसेल. रिलेची कॉइल मापली तर ऐंशी ओहम. म्हणजे ऐंशीच्या पुढं साठ आडवे आले तर कॉइलच्या वाट्याला जेमतेम सात-आठ व्होल्ट, एवढ्यावर रिले ओढला जाईलच याचा भरवसा नाही.

जुनाच स्विच ब्रशनं साफ केला, तांब्याचा नवीन वॉशर टाकला, टेप नाही, सीलंट नाही, आणि बेताचा कसला. नवीन डिकीत टाकून ठेवलाय. कूलंट भरताना हीटर फुल्ल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन हळू चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत, कारण आत हवा अडकली तर स्विचचं टोक पाण्याऐवजी हवेत राहतं आणि पाणी उकळलं तरी त्याला पत्ता नसतो. मग काटा अर्ध्याच्या जरा वर गेला, टक्क, फॅन सुरू, काटा खाली, फॅन बंद, थोड्या वेळानं परत.

त्यानंतर दिवाळीच्या बाजारात खडेबाजारात अडकलो, चोर्ल्याच्या घाटात ट्रकच्या मागं पहिल्या गिअरवर चढलो, काटा जिथं पाहिजे तिथंच. फॅन बंद होताना शेवटी जरा खरखर येते, मामा म्हणतात बुश घासलाय. तेवढं मोटर उघडून बघायचं राहिलंय, उन्हाळ्याच्या आधी उरकून टाकीन.