पॉइंट बंद करून मोजायला पाहिजे होतं

गुरुजींची ॲम्बेसेडर, ८४ सालची, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मला मान वर करून बोलवेना. तक्रार तीच. सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलला कापते आणि यवतेश्वरच्या घाटाला लागली की फटके मारते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून झटके खाते, कोरेगाव ते सातारा सपाट रस्त्याला मात्र काही नाही. आधी एका गॅरेजवाल्यानं प्लग न् कंडेन्सर बदललेला, मग मी पॉइंट बदलले, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा बारका स्विच, मग बारा व्होल्टातून प्लगची ठिणगी काढणारी कॉइल. दर वेळी आठ-दहा दिवस गाडी झकास पळायची आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

कॉइलची मेन वायर इंजिनच्या ब्लॉकपासून पाव इंचावर धरली आणि पोराला सेल्फ मारायला लावला. निळा, कडक, टकटक वाजणारा करंट, म्हणजे ठिणगी, पाहिजे, हा पिवळट, बारीक आणि मधेच गायब. कॉइल तर महिन्याभरापूर्वीच मी स्वतः बसवलेली.

कॉइलला बारा व्होल्ट येतात का हे मी मागे दोन्ही वेळा बघितलं होतं आणि बाराच आले होते. तिथंच चुकलं. पॉइंट उघडे असले की करंट वाहतच नाही, मग वायर कितीही सडलेली असूदे, मीटर बाराच दाखवणार. हे मला माहीत होतं हो, वीस वर्षं हेच करतोय, पण गिऱ्हाईक उभं असलं की तेवढं पंखा फिरवून पॉइंट बंद करायचं राहून जातं.

या वेळी केलं. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडं जाणाऱ्या टर्मिनलला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, पॉइंट त्याच्याच आत एका प्लेटवर असतात. पॉइंट बंद असताना इथं जवळपास शून्य पाहिजे, तर चार व्होल्ट! डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर शून्य, आतल्या पॉइंटच्या प्लेटवर मात्र चार. म्हणजे कॉइलला मिळतायत आठ. आणि करंट दोन तृतीयांश झाला की ठिणगीची ताकद दोन तृतीयांश राहत नाही, वर्गानं पडते, निम्म्याच्याही खाली येते.

प्लेट आणि बॉडीच्या मधे एक बोटभर अर्थची वायर असते, कापडी कव्हरची. दिसायला अगदी धडधाकट. चिमट्यानं हलकं ओढलं तर कव्हर नुसतं ताणलं गेलं, आतले तारांचे पिळ कधीच तुटलेले. जो काही करंट जात होता तो प्लेटखालच्या मळातून न् ग्रीसमधून. व्हॅक्युम ॲडव्हान्सनं, म्हणजे इंजिनच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढंमागं करणाऱ्या भागानं, ती प्लेट दिवसभर मागंपुढं फिरते, सपाटीला व्हॅक्युमनं सरकली की तुटकी टोकं टेकायची. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम जातो, प्लेट मागं येते, टोकं सुटली. स्टार्टिंगला न् आयडलला पण तेच.

आणि मला अजून छळतंय ते हे की आम्ही दर वेळी पॉइंट नाहीतर कंडेन्सरसाठी प्लेटला हात लावायचो, कॉइल बदलली तेव्हाही मी पंधरा थाऊचा, म्हणजे पंधरा हजारांश इंचाचा, गेज घालून गॅप बघितलाच होता, त्या हलवाहलवीत टोकं परत जुळायची. गाडी बरी व्हायची आणि श्रेय नव्या पार्टला जायचं. आमच्या धंद्यात हे रोज होतं, पार्ट बदलला, गाडी चालली, बिल झालं, का चालली हे कुणी विचारत नाही.

साधी वायर तिथं टिकत नाही, कडक असते. डायनामोच्या जुन्या कार्बन ब्रशची तांब्याची शेपटी कापली, केसासारख्या तारा असतात तिच्यात. टोकाला अगदी थेंबभर शिसं, जास्त लावलं तर वर चढून तार ताठ होते आणि तिथंच तुटते. प्लेट हातानं दोन्हीकडं पुरती फिरवून ढील बघितली. मीटर शून्यावर.

गुरुजींना शेजारी बसवून यवतेश्वर चढवलं, एक फटका नाही. वर गाडी थांबवून कॉइलचे पैसे परत देतो म्हटलं.

"मग आधीची कॉइल चांगली होती म्हणायची?"

"होय गुरुजी."

डिकीतनं त्यांनी पेपरात गुंडाळलेली जुनी कॉइल काढून दिली. टाकवली नव्हती म्हणाले. खाली आल्यावर तीच परत बसवली.