७ जून की ६ जुलै? तारखेच्या घोळात गेलेले दोन दिवस : माझा अनुभव

कॉम्प्युटरची तारीख मागे जाणं हा एका गोल सेलचा आजार. तरी ऑफिसचे दोन दिवस गेले. सेल दहा मिनिटांत बदलून झाला होता, पुढचा सगळा वेळ 'महिना आधी की दिवस आधी' यात गेला. त्याची चीड अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन सावद्याकडच्या एका केळीच्या ऑफिसातलं. गाड्यांची बिलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्याच्यावरच निघतात. चालू केलं की काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' (बोर्डावर जपलेली सेटिंग बिघडल्याचा निरोप), एफ१ दाबा, आणि आत तारीख १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्याची ही ठरलेली खूण. मशीन एएमसीत (वर्षभराच्या देखभाल करारात) असल्यामुळे दुकानाचा माणूस आला, सेल बदलला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सेटिंगमध्ये) तारीख भरली आणि गेला. काढलेला सेल मी नंतर मल्टिमीटरवर धरला तर २.४ व्होल्ट. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो.

खरा घोळ इथून पुढे. खाली कोपऱ्यात तारीख दिसते ७/६. त्या दिवशी ७ जूनच, मृगाचा दिवस. म्हणजे सगळं बरोबर. पण बँकेची साइट उघडते, बिलाची उघडत नाही. तिथे 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आणि खाली सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या दाखल्याची) तारीख अवैध असल्याचा कोड. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तेच. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, 'विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.' हे उत्तर मला आजही पटत नाही. तारीख बोर्डावरच्या घड्याळात असते. हार्डडिस्क पुसून ती कशी बदलणार?

संध्याकाळी माउस नुसता घड्याळावर नेऊन थांबवला. अक्षरांत लिहून आलं : ६ जुलै, शनिवार. वार होता शुक्रवार!

बायोसमध्ये तारखेचा पहिला रकाना बहुतेक बोर्डांवर महिन्याचा असतो, दुसरा दिवसाचा. दुकानाच्या माणसाने आपल्या सवयीने आधी ०७ आणि मग ०६ भरलं, म्हणजे झाली ६ जुलै. त्यात विंडोज बसवताना रीजन 'अमेरिका' ठेवलेलं, त्यामुळे कोपऱ्यातही महिना आधी. चुकलेली ६ जुलै डोळ्यांना ७ जून वाचली जात होती. दिवस १२ च्या आतला असला की ही चूक खपते. १३ तारखेपासून पुढे बायोस तो आकडा महिन्याच्या जागी घेतच नाही.

साइट अर्ध्याच का उघडत होत्या, तेही यातच आलं. काही साइटची सर्टिफिकेटं ९० दिवसांचीच असतात. घड्याळ २९ दिवस पुढे असलं की ज्यांची मुदत महिन्याभरात संपणार, ती सगळी आपल्या मशीनला संपलेली वाटतात. लांब मुदतीची चालतात. म्हणून 'एक उघडते, एक नाही' असं झालं की नेटला दोष देण्याआधी महिना बघा.

आता इंटरनेटवरून वेळ जुळवणारं 'सिंक नाऊ' दाबून तरी सुटायला हवं होतं. नाही सुटलं, आणि सेटिंगमध्ये कारणही दिसत नाही. कारण बघायचं तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डब्ल्यू३२टीएम', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'रीसिंक' टाइप करायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तिथे स्पष्ट आलं की करायचा बदल फार मोठा आहे. डोमेनमध्ये (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या विंडोजला घड्याळ एका वेळी जास्तीत जास्त ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तासच सरकवायची मुभा असते. २९ दिवसांचा फरक विंडोज स्वतःहून कधीच भरून काढणार नाही.

म्हणून आधी रीजन 'इंडिया' केलं. टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +०५:३०, म्हणजे यादीतली चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीची ओळ, आहे का ते बघितलं. मग 'ऑटोमॅटिक' बंद करून तारीख-वेळ हाताने भरली, सकाळ-दुपार तपासून, आणि पुन्हा ऑटोमॅटिक चालू करून सिंक. पाच सेकंदांत झालं. 'सर्व्हिस चालू नाही' असं आलं तर सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज टाइम' स्टार्ट करायचं. ते करूनही वेळ मिळत नसेल तर यूडीपीचं १२३ नंबरचं पोर्ट (नेटवरून वेळ येण्याची वाट) राउटरने अडवलंय का, ते हॉटस्पॉटवर कळतं.

त्या दिवशी ६ जुलैच्या तारखेने निघालेली बिलं मात्र एकेक उघडून सुधारावी लागली. ते काम आधी करा, हिशोब पुढे सरकल्यावर जड जातं.

सेल स्वतः बदलणार असाल तर वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि अधिकची बाजू वर ठेवा. सीआर२०२५ घेऊ नका, तो २.५ मिलिमीटरच जाड, खाचेत ढिला बसतो. २०३२ हा ३.२ चा असतो. त्याआधी बायोसमधल्या साटा मोडच्या (हार्डडिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या) पानाचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या बोर्डावर सेल काढला की तो मोड बदलतो आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी कीही जवळ ठेवा.

मशीनमध्ये लिनक्सही असेल आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नका. लिनक्स बोर्डाचं घड्याळ यूटीसीवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर, एवढाच तो झगडा.

सेल लवकर का संपला, तर ऑफिसात रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं. बटण चालू असेल तर बंद कॉम्प्युटरचं घड्याळही एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) स्टँडबाय विजेवर चालतं. बटण बंद असलं किंवा लाइट गेली की सगळा भार सेलवर. आमच्याकडे सगळे उन्हाला दोष देत होते. पण ४५ अंशांनी घड्याळ दिवसाला सेकंद-दीड सेकंदच मागे पडतं, तास नाही.