लॅन्सर प्रकल्प : पुढची लिप पॉलियुरेथेनची, स्कर्ट फायबरचे

इंजिन आणि सस्पेन्शन मार्गी लागल्यामुळे माझ्या मित्सुबिशी लॅन्सरच्या बाह्यांगाचे काम आता हाती घेतले आहे. गाडी १९९८ साली भारतात दाखल झालेल्या पिढीतली, म्हणजे लॅन्सरच्याच वेगवान प्रकाराच्या, इव्होल्यूशनच्या (इव्हो), चौथ्या ते सहाव्या आवृत्तीची सख्खी भावंड. त्यामुळे तिला पूर्ण इव्होचा चेहरा बसवावा, असा आग्रह जो भेटतो तो करतो. माझा तसा विचार नाही. कंपनीचे बंपर कायम ठेवून पुढे बंपरखाली एक लिप (पातळ पट्टी), दोन्ही बाजूंना दारांखाली स्कर्ट (लांब पट्ट्या) आणि मागे बंपरखाली एक छोटा ॲप्रन (झालर), एवढेच लावायचे आहे. हे भाग फायबरग्लासचे (काचतंतू आणि रेझिन यांचे, बोलीत ‘फायबर’) घ्यावेत की पॉलियुरेथेनचे (लवचीक प्लॅस्टिकचे, बोलीत ‘पीयू’), याचा निर्णय या टप्प्यात झाला.

‘फायबर स्वस्त पण ठिसूळ, पीयू महाग पण टिकाऊ’ हे ठरलेले उत्तर आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. ते खोटे नाही. परंतु ते संपूर्ण गाडीला एकच नियम लावते आणि गाडीचा प्रत्येक भाग मात्र वेगळ्या प्रकारचा मार खात असतो. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरग्लासच्या बॉडीची आहे. तरीही ताशी ५ मैल वेगाच्या धडकेत दिव्यांसारखी सुरक्षेची साधने शाबूत राहिली पाहिजेत, असा नियम अमेरिकेत लागू झाला, तेव्हा तिच्या निर्मात्यांनी १९७३ मध्ये पुढच्या आणि १९७४ मध्ये मागच्या बंपरवर युरेथेनचे आवरण आणले. बाकीची बॉडी मात्र होती तशीच फायबरची राहू दिली. मी काही वेगळे करत नाही.

पुढची लिप हा गाडीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत पुढचा भाग असल्यामुळे सोसायटीचा उतार, गतिरोधक आणि पार्किंगमधले सिमेंटचे ठोकळे हे सगळे तिच्याच वाट्याला येते. फायबरचा थर ताठ असतो. एका मर्यादेपर्यंत तो वाकतो आणि त्यानंतर सरळ तुटतो. शिवाय तुटण्याच्या कितीतरी आधी जेलकोटला (रेझिनच्या वरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात आणि ते रंगातून वर दिसू लागतात. बोल्टच्या छिद्राभोवतीची जागा तर सर्वांत आधी दगा देते. पॉलियुरेथेन अशा धक्क्याला दबते आणि बहुतांशी मूळ आकारात परत येते. खरचटते नक्कीच, परंतु खालच्या बाजूचे खरचटणे कोण वाकून पाहणार?

बाजारात ‘पीयू’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक भाग पीयूचा नसतो, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. भागाच्या मागच्या बाजूला कोनाकृती चिन्हांमध्ये (> <) मालाची अक्षरे साच्यातच उमटवलेली असतील, तर तिथे पीयूआर (PUR) असायला हवे. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस (दुसरे एक प्लॅस्टिक) असेल तर तो माल निराळा. खूण नसेल तर कडेचा एक बारीक तुकडा कापून पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट असल्याने ते तरंगते, तर भरीव पीयू साधारणपणे बुडते. पीपी वाईट असते असे नाही, आपल्या बहुतेक गाड्यांचे मूळ बंपर त्याचेच असतात. पण त्यावर रंग धरण्यासाठी आधी वेगळा प्राइमर मारावा लागतो आणि तो न मारल्यास रंगाचे पापुद्रे निघतात.

माझी लिप प्रवासात जरा वाकडी होऊन आली. पीयूच्या बाबतीत याची फारशी चिंता करण्याचे कारण नसते: सपाट फरशीवर उन्हात ठेवून, हळूहळू आकारात आणून, त्याच स्थितीत थंड होऊ दिले की ती सरळ होते. हाच गुण उलटूही शकतो, कारण दूरदूरच्या दोनच बोल्टांवर लटकवलेला लांब भाग उन्हाळ्यात मध्ये पोट सोडतो. म्हणून लिपला जवळजवळ बोल्ट आणि रुंद वॉशर दिले आहेत. रंगाआधी साच्याला लावलेले मेण पूर्ण निघेपर्यंत ती धुवून घासून घेतली आहे आणि क्लिअरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे रंग लवचीक ठेवणारे मिश्रण, घालायला पेंटरना सांगितले आहे; भाग वाकला आणि रंग वाकला नाही, तर भाग वाचतो आणि रंग जातो.

स्कर्टचा हिशेब मात्र वेगळा निघाला आणि मला सर्वांत रस इथेच वाटला. स्कर्टला समोरून मार बसत नाही; त्याचा खरा शत्रू तापमान आहे. शुद्ध पीयू एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.१ मिलिमीटर प्रसरण पावते. पावणेदोन मीटरचा स्कर्ट आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंतचा ४० अंशांचा फरक धरला, तर लांबीत ७ मिलिमीटरचा बदल होतो. दोन्ही टोके घट्ट आवळली असतील तर हे ७ मिलिमीटर जाणार कुठे? स्कर्ट दारांखाली लाटेसारखा फुगतो. मॅटच्या (काचतंतूंच्या चटईच्या) फायबरचे प्रसरण याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे २ मिलिमीटरच्या घरात राहते, आणि तेवढे लांबट छिद्रांमध्ये सहज सामावते. दारांखालची रेषा बारा महिने सरळ दिसायची असेल, तर इथे फायबरच हवे.

दुसरे कारण असे की फायबर इथेच करून घेता येते. स्कर्ट पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका एफआरपी (फायबरग्लास) कारखान्यात माझ्या पॅटर्नवरून, म्हणजे ज्यावरून साचा काढतात त्या नमुन्यावरून, होत आहेत. पोलादी पत्र्यासाठी लागतात तशा महागड्या डायची गरज नसल्यामुळेच बंगळुरूच्या सिपानींनी आपली डॉल्फिन मोटार फायबरच्या बॉडीची केली होती. दोन स्कर्टसाठी तर दुसरा मार्गच नाही. थर असे ठरले आहेत: जेलकोट, त्यामागे (दर चौरस मीटरला) ३०० ग्रॅमची एक मॅट आणि मग ४५० ग्रॅमच्या दोन. पहिली मॅट पातळ ठेवण्याचे कारण हे की ती कोपऱ्यांत नीट बसते आणि जेलकोटमागे हवा अडकत नाही. ४५० ग्रॅमची एक मॅट साधारण एक मिलिमीटर जाडी देते, त्यामुळे एकूण जाडी अडीच ते तीन मिलिमीटर होईल. बोल्टच्या जागी मॅटचे जादा तुकडे पडतील.

पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आक्रसते, म्हणून भाग साच्यातून घाईने काढू नये. अर्धवट पिकलेला भाग रंगवून उन्हात उभा केला की तो तिथे उरलेला पिकतो आणि मॅटची नक्षी गडद रंगातून वर उमटते. स्कर्ट साच्यातून निघाल्यावर निदान दोन आठवडे उन्हात राहतील आणि मगच त्यांच्यावर सरफेसर (रंगाखालचा भराव थर) बसेल, असे मी कारखान्यात सांगून ठेवले आहे. ज्यांना हे काम घरी करायचे आहे त्यांच्यासाठी एक गंभीर सूचना: कोबाल्ट (घट्ट होण्याची क्रिया वेगवान करणारे द्रव्य) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण एकजीव करावे आणि त्यानंतरच वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर घालावा. पीयू घरी ओतण्याच्या फंदात तर पडूच नये. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते, आणि हवेतल्या किंवा साच्यातल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे पावसाळ्यात भरीव भागाऐवजी फेसाळ भाग हाती येतो.

दुरुस्तीचा विचारही फायबरच्याच बाजूने जातो. तुटलेला स्कर्ट मागून घासून, कडा उतरत्या करून, नवी मॅट बसवली की पुन्हा मजबूत होतो, आणि हे काम जाणणारे हात कोकणातल्या होड्यांच्या कारखान्यांपासून पाण्याच्या टाक्या करणाऱ्यांपर्यंत सर्वत्र सापडतात. फाटलेले पीयू साध्या प्लॅस्टिक वेल्डिंगने वितळून एकजीव होत नाही. त्याला दोन घटकांचा युरेथेन गोंद आणि मागून जाळी लागते.

मागचा ॲप्रन फायबरचाच होईल. तो लहान आहे आणि एक्झॉस्टजवळ असल्याने त्याला आतून उष्णतारोधक पत्रा लागेल. वजनाचा मुद्दा मी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आहे, कारण रस्त्यावरच्या गाडीत या भागांमुळे पडणारा फरक अर्ध्या टाकी पेट्रोलपेक्षाही कमी असतो. पूर्ण इव्हो बंपर नाकारण्यामागे मात्र एक ठोस कारण आहे: तशा काही बंपरसाठी आवरणामागचा लोखंडी बीम कापावा लागतो. धडक तो बीम घेतो, वरचे आवरण नव्हे. म्हणून त्याला हात लावायचा नाही हे पहिल्यापासून ठरलेले होते.

सध्या पॅटर्नवर प्राइमरचा शेवटचा हात बसला आहे आणि चाकांच्या कमानीजवळच्या दोन्ही कडा दारे उघडून, गाडी जॅकवर घेऊन तपासल्या आहेत. डाव्या बाजूला जॅक लावण्याच्या जागेपाशी स्कर्टला खाच ठेवावी लागेल. तेवढी खाच पॅटर्नमध्ये कोरली की तो साच्यासाठी भोसरीला जाईल.