विमान दीड तासाचं, मुंबई किती तासांची?

गावात कोणाला विमानाचं तिकीट काढायचं असलं की ते माझ्याकडे येतात. परवा शेजारचे काकाजी आले. मुलगा भांडुपला, सून बाळंत झालेली. म्हणाले, "पोरगा म्हन्ते दीड घंट्यात मंबई. खरं हाये का?"

खरं आहे, पण ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात. इथून नागपूरचा सोनेगाव विमानतळ दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला धरला की डांबरी रस्त्यावर येईपर्यंतच अर्धा तास जातो.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून दोन धावपट्ट्यांमध्ये ताणलेली सरळ दोरी. विमान तसं जात नाही. धावपट्टीच्या दिशेनं उडतं, मग वळतं, ठरलेल्या मार्गानं जातं आणि मुंबईजवळ रांगेत लागतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी असली की वर घिरट्या आल्याच. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून ताशी आठशे किलोमीटरनं जाणाऱ्या जेटलाही दीड तास लिहिलेला असतो. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असला तर येताना विमान लवकर पोचतं, जाताना तोच वारा आडवा येतो.

काकाजींना मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. नागपूरपर्यंत गाडीनं चार-साडेचार तास, तिथं दोन तास आधी पोचायचं, दीड तास विमान, मग सामान घेऊन भांडुप. नऊ तास कुठेच गेले नाहीत. गाडीभाडं वेगळं.

आणि आता बेलोरा आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या या विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटरची, म्हणून तिथं पंख्याचं एटीआर विमान येतं. ते जेटपेक्षा हळू, ताशी पाचशेच्या आसपास. बेलोरा ते मुंबई अंतर साडेपाचशेच्या आतबाहेर, तरी तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास वेळ दिसते. अंतर कमी आणि वेळ जास्त, हे पाहून काकाजी चक्रावले. पण आमच्या गावाहून बेलोरा दीड-दोन तासांवर. सगळं धरून सहा-सात तासांत माणूस भांडुपला. हळू विमान आम्हाला लवकर पोचवतं! अमरावतीला विमानतळ कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा दर्यापूर-अंजनगावकडून हिशेब करून पाहावा. बाळंतिणीला पाहायला निघालेल्या साठीच्या माणसाचे दोन-तीन तास वाचणं मला फार मोलाचं वाटतं.

अडचण एकच, बेलोऱ्याहून रोज विमान नाही. त्या दिवशी नसेल तर मी सरळ मूर्तिजापूरहून अंबा एक्स्प्रेस सांगतो. रात्री बसा, सकाळी मुंबईत. झोपही होते. नागपूर मी दिल्ली-बंगळूरसाठी ठेवतो. दिल्ली तिथून हवेतून साडेआठशे किलोमीटर आहे, आणि तेवढ्या लांबच्या प्रवासात सोनेगावपर्यंतची धावपळ वसूल होते.