गाड्या थांबल्यावर मी काय वाचते

फॉर्म्युला वनच्या रेस संपल्यावरही मी काय वाचत असते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डिसेंबर लागला की हे कुणीतरी विचारतंच. घरात काकू, डबा खाताना शॉपमधली पोरं, आणि परवा तिसऱ्या गेटजवळ बससाठी थांबले होते तिथं शाळेतली मैत्रीण भेटली तर तिनंही, "रेस तर संपल्यात न्हवं, मग मोबाईलमध्ये एवढं काय वाचूलीस गं?" रेस बघणं लोकांना समजतं. पण फॉर्म्युला वनचा सीझन संपल्यावर कुठला ड्रायव्हर कुठल्या टीमला चालला, कुणाची सीट गेली, कुणाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काय कलम आहे म्हणे, हे मी मार्चपर्यंत का वाचत बसते ते कुणाला पटत नाही.

तर आधी माझं काम सांगते. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, मापं तपासायची, दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज. आमच्याकडंही असा एक सीझन असतो, दिवाळीचा बोनस हातात पडला की. बोनसच्या आधी कोण तोंड उघडत नाही पण चहाच्या गाड्यावर सगळं ठरून गेलेलं असतं, अमका सेटर पलीकडं मच्छ्याच्या कारखान्यात चालला, त्याला तीन हजार जास्त, मग त्याच्या मशीनवर कोण, तो मागच्या लाईनचा पोरगा, मग त्याच्या जागेवर कोण. ऑफिसला सगळ्यात शेवटी कळतं. आणि ज्याची जागा जाणार असते त्याला कधी कधी ऑफिसच्याही नंतर.

माझ्या आप्पांना असंच कळलं होतं. एका कारखान्यात ते बोरिंग मशीनवर होते, एकच मशीन, 19 वर्षं. मालकानं नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणायची ठरवली आणि ती चालवायला कोल्हापूरकडून माणूस यायचं ठरलं, हे आप्पांनी चहावाल्याकडून ऐकलं. चहावाला पैसे घेता घेता म्हणाला, "आता तुम्ही कुठं बघूलासा आण्णा?" आप्पांना काय विचारतोय तेच कळेना. त्या संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले, आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते.

आता फॉर्म्युला वनकडं येते. 2025 पर्यंत दहा टीम होत्या, प्रत्येकीच्या दोन गाड्या, म्हणजे अख्ख्या जगात 20 सीट. 2026 च्या सीझनला कॅडिलॅक ही नवी टीम, म्हणून 22. बास. कुणी एक हलला की दुसऱ्या कुणाला तरी उठावंच लागतं, आणि तो उठला की तिसऱ्याला. म्हणून एक बातमी आली की मी लगेच बघते की ह्याच्यामुळं उठला कोण.

ही सवय मला नारायण कार्तिकेयनपासून लागली. 2005 ला तो जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत बसला तेव्हा भाऊ आणि मी टीव्हीला चिकटून असायचो, आपल्या देशाचा पहिला माणूस तिथं पोचलेला. नंतर 2011 ला तो एचआरटी नावाच्या, सगळ्यात मागं असणाऱ्यांपैकी एका टीमला होता आणि सीझन निम्म्यावर आलेला असताना, इंग्लंडच्या रेसच्या आधी, त्याची सीट डॅनियल रिकार्डो नावाच्या एका ऑस्ट्रेलियन पोराला दिली. ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली त्यासाठी नारायणला परत बसवलं, पण मधल्या रेसना तो नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा ह्या बातम्या नीट वाचायला लागले, का काढलं, कुणी काढलं, पैसे कुणाचे होते. रिकार्डोचा मला भयंकर राग आला होता. मग तोच पोरगा पुढं रेड बुलला जाऊन रेस जिंकायला लागला, आणि 2022 ला मॅक्लारेननं त्याचं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट शिल्लक असताना पैसे मोजून त्याला सोडलं आणि त्याची सीट ऑस्कर पियास्ट्रीला दिली, तेव्हा मलाच वाईट वाटलं. 2024 ला तो रेड बुलच्याच धाकट्या टीमला होता, सिंगापूरच्या रेसनंतर तिथूनही त्याला उठवलं, तेही सीझनच्या मध्येच, जागेवर आला लियाम लॉसन. लॉसनला पुढच्या वर्षी थेट रेड बुलच्या मोठ्या टीमला घेतलं आणि दोन, फक्त दोन रेसनंतर खाली पाठवून युकी त्सुनोडाला वर आणलं. आणि डिसेंबर 2025 ला त्सुनोडाची सीट इसाक हाजारला. नारायणपासून धरलेला हा धागा मी 14 वर्षं सोडलेला नाही, मधल्या प्रत्येकाला आधी कुणीतरी उठवून बसवलंय आणि मग कुणीतरी उठवलंय.

लोक म्हणतात ह्या सगळ्या अफवा असतात. असतात की, निम्म्या तर नक्कीच. पण ह्या खेळात सही केलेला कागदही काय फार पक्का नसतो हो. सर्जिओ पेरेझचं कॉन्ट्रॅक्ट रेड बुलनं जून 2024 ला वाढवलं, डिसेंबरला तो बाहेर. पियास्ट्रीचं तर, अल्पीन टीमनं 2 ऑगस्ट 2022 ला जाहीर केलं की पुढच्या वर्षी आमच्याकडून हा चालवणार, आणि त्याच दिवशी त्यानं स्वतः लिहिलं की माझी सहीच नाही, मी चालवणार नाही. प्रकरण कॉन्ट्रॅक्ट बघणाऱ्या मंडळापुढं गेलं आणि महिन्याभरात निकाल मॅक्लारेनच्या बाजूनं. म्हणजे टीमचं अधिकृत निवेदन खोटं ठरलं आणि कुजबुज खरी. म्हणून मी दोन्ही वाचते.

सगळ्यात मोठी बातमी अर्थात 1 फेब्रुवारी 2024 ची. लुईस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीला जाणार. सात वेळचा चॅम्पियन, त्यातले सहा मर्सिडीजबरोबर, आणि कॉन्ट्रॅक्ट तर 2025 अखेरपर्यंत होतं पण त्यातच लवकर सुटायची वाट ठेवलेली होती. मी सेकंड शिफ्टहून आले, जेवले, आणि रात्री उशिरा फेरारीचं निवेदन आलं, एका वाक्याचं. दुसऱ्या दिवशी बघावं तिकडं हॅमिल्टनला लाल कपडे घातलेले फोटो. आणि मी शोधत होते फेरारीतल्या कार्लोस सायन्झला, कारण हॅमिल्टनसाठी उठला तो.

त्याचं वर्ष बघा. जानेवारीत त्याचा बाप, तो रॅलीचा जुना वर्ल्ड चॅम्पियन, 61 व्या वर्षी चौथ्यांदा डकार रॅली जिंकला, आणि दोन आठवड्यांत पोराची सीट गेली. सीझन अजून सुरूही नाही आणि ह्याला माहितीय की हे वर्ष संपलं की इथं आपलं काम नाही, तरी वर्षभर त्याच गॅरेजमध्ये जायचं, त्याच लोकांबरोबर. दुसऱ्याच रेसला अपेंडिक्सचं ऑपरेशन, त्याच्या गाडीत 18 वर्षांचं पोर बसलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मेलबर्नला सायन्झ गाडीतून उतरताना हळूहळू, पोटाला जपून उतरत होता, आणि रेस जिंकला! मला रडू आलं होतं. वाटलं आता ह्याला कुणीही घेईल. रेड बुलनं पेरेझला ठेवलं, मर्सिडीजनं पुढं अँटोनेली नावाचा कोवळा पोरगा घेतला, आणि जुलै संपता संपता सायन्झनं विल्यम्सला सही केली, नाव मोठं पण त्या वर्षी दहांत नववी आलेली टीम.

आप्पांनाही शेवटी मच्छ्यातल्या एका छोट्या युनिटमध्ये काम मिळालं होतं. जुनं मशीन, हँडव्हीलला बॅकलॅश एवढा की पाव फेरा फिरवला तरी टेबल जागचं हलत नसे. आप्पांच्या हाताला 19 वर्षांची दुसऱ्या मशीनची सवय. पहिल्याच आठवड्यात एका हाऊसिंगचं बोअर, आतलं भोक, 60 मायक्रॉननं मोठं झालं, जॉब रिजेक्ट. एवढा अनुभव असलेला माणूस आणि नवीन पोरासारखी चूक, तिथल्या फोरमननं सगळ्यांसमोर विचारलं. आप्पा मला म्हणाले होते, हाताला सांगावं लागतंय गं, की ते मशीन आता नाही.

म्हणून 2025 ला हॅमिल्टनचं जे झालं ते मला कुठल्याही लेखातून समजून घ्यावं लागलं नाही. लोक म्हणत होते म्हातारा झाला. अहो, बारा वर्षं एका गाडीत काढलेला माणूस, ब्रेक दुसऱ्या कंपनीचे, पाय दाबल्यावर चावायची तऱ्हा वेगळी, इंजिन ब्रेकिंग वेगळं, स्टिअरिंगवरची बटणं वेगळीकडं, आणि कानात बोलणारा इंजिनिअरही नवीन. मर्सिडीजमधला त्याचा इंजिनिअर बोनो तिकडंच राहिला, फेरारीत मिळाला तो आधी सायन्झच्याच कानात बोलायचा. मार्चमध्ये शांघायला शनिवारी तो स्प्रिंट, म्हणजे मोठ्या रेसआधीची छोटी रेस, जिंकला, आणि रविवारी रेसनंतर बाद. गाडीच्या बुडाला एक फळी असते, ती झिजून नऊ मिलिमीटरच्या खाली जायला नको असा नियम आहे, त्याची साडेआठच्या आसपास भरली. तो रिपोर्ट मी तीनदा वाचला असेन. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये व्हर्नियरवर अर्धा मिलिमीटर उघडून आमच्या कन्नड ऑपरेटरला दाखवला, बघ एवढ्यानं गेलं. तो म्हणाला, "अक्का, आपल्याकडं एवढा फरक म्हणजे ट्रकभर स्क्रॅप की." खरंय. आमच्याकडं अर्धा मिलिमीटर हा फार मोठा आकडा आहे, तिथं ताशी तीनशेनं जमिनीला घासत जाणाऱ्या गाडीचा अंदाज एका प्रॅक्टिसमध्ये बांधायचा असतो.

सबंध वर्षात 24 मोठ्या रेसमध्ये हॅमिल्टन एकदाही पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, आला नाही. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. आणि सायन्झ आला, दोनदा, त्याच विल्यम्समधून.

पहिल्यांदा आला तो सप्टेंबरात बाकूला. रविवार होता, साडेचारची रेस. येळ्ळूरच्या बाजूनं पावसाचं आभाळ आलेलं आणि मी पलंगाला मोबाईल टेकवून बसलेले. आप्पा आता 71 चे आहेत, त्यांना ड्रायव्हरांची नावं पाठ होत नाहीत, पण सायन्झला ते ओळखतात, "तो उठवलेला पोरगा" म्हणून. शेवटच्या दहा लॅप ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसले. मागून गाडी येत होती का, किती सेकंद लांब, सारखं विचारत होते. तिसरा आला. आप्पा काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि दोघांना चहा करून घेऊन आले, जे ते कधी करत नाहीत.

डिसेंबरात त्सुनोडाची बातमी आली तेव्हा मी त्यांना वाचून दाखवली. पाच वर्षं रेड बुलच्याच घरच्या गाड्या चालवल्या, आता सीट नाही, पण टीमनं सोडलंही नाही, रिझर्व्ह म्हणून ठेवलंय.

"रिझर्व्ह म्हणजे?"

म्हटलं, रोज यायचं, तयार राहायचं, कुणी आजारी पडला तर बसायचं.

"म्हणजे बदली कामगार की," आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पगार देतात न्हवं पण त्याला?"

देतात म्हटलं.