सुरतेला जायचं तर आधी सुवाळीला जा

सुरत म्हटलं की आपल्याला पहिलं आठवतं ते 1664. महाराजांची स्वारी, औरंगजेबाच्या खजिन्यावर घातलेला हात, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान. हे सगळं शाळेपासून डोक्यात होतं. पण इंग्रज, डच, फ्रेंच हे सगळे एकाच गावात वखारी घालून एकमेकांच्या उरावर का बसले होते, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं. जानेवारीत धाकट्या बहिणीबरोबर दोन दिवस सुरतेला जाऊन आले आणि ते सुटलं. सुटलं तेही शहरात नाही, शहरापासून 25-30 किलोमीटरवर, ओहोटीच्या वेळी. आम्ही आधी शहर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्र. तुम्ही क्रम उलटा ठेवा, म्हणून मीही समुद्रापासूनच सांगते.

सुवाळी हे हजिऱ्याच्या बाजूचं किनाऱ्यावरचं गाव. जुन्या इंग्रजी कागदांत ‘स्वाली’ म्हणून येतं ते हेच. तापीचं मुख गाळाने उथळ झालेलं, त्यामुळे मोठी जहाजं सुरतेच्या धक्क्यापर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीला नांगर टाकत. तिथून माल बैलगाड्यांनी किंवा मचव्यांतून शहरात जायचा. किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांबलचक दांडा आणि त्याच्या आत खोल पाण्याची पट्टी, अशी इथली रचना. भरतीला दांडा पाण्याखाली, ओहोटीला उघडा. आतलं पाणी ज्याला कळलं, त्याला भिंतीआड उभं राहायला मिळालं.

1612 च्या नोव्हेंबरअखेर थॉमस बेस्ट नावाचा इंग्रज कप्तान इथे दोन जहाजं घेऊन होता, ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होसियँडर’. त्याच्यावर पोर्तुगीजांची चार मोठी गलबतं आणि शिवाय लहान नावांचा तांडा चालून आला. पोर्तुगीजांची जहाजं उंच, अवजड, माणसांनी भरलेली; शत्रूला भिडून त्याच्या डेकवर उड्या मारायच्या, ही त्यांची पद्धत. इंग्रजांनी लांबूनच तोफा चालवल्या, आणि पोर्तुगीजांची काही जहाजं वाळूत रुतली. हे सगळं किनाऱ्यावरून मुघलांच्या माणसांनी पाहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. कारण त्याआधी, 1608 पासून 1611 पर्यंत, विल्यम हॉकिन्स हा इंग्रज सुरतेत आणि आग्र्यात जहांगीरकडे व्यापाराची परवानगी मागत होता आणि पोर्तुगीज ती मिळू देत नव्हते. 1613 च्या सुरुवातीला फर्मान हाती आलं आणि इंग्रजांची वखार पक्की झाली.

त्याच वर्षी पोर्तुगीजांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. समुद्रात जायचं तर त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, विकत घ्यावा लागे. जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज तो परवाना बाळगून होतं, तरी त्यांनी ते पकडून नेलं. हजच्या वाटेवर चालणारं जहाज, तेही बादशहाच्या आईचं! जहांगीरने त्यांचा व्यापार रोखला आणि आपला सरदार मुकर्रबखान याला पोर्तुगीजांच्या दमणवर धाडलं. 1615 च्या जानेवारीत गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः आरमार घेऊन सुवाळीवर आला. इंग्रज कप्तान निकोलस डाउंटनने आपली चार जहाजं त्याच आतल्या पाण्यात उभी केली, आणि आग लावून सोडलेल्या होड्यांनीही पोर्तुगीजांचं काम झालं नाही. त्याच सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीरच्या दरबारी जाण्यासाठी याच वाळूवर उतरला.

आता तिथे काय दिसतं? काळपट वाळू, चिखलाचा वास, आणि पाणी एवढं दूर गेलेलं की समुद्र शोधावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी जवळजवळ संपली होती. बहिणीने चप्पल हातात घेतली आणि म्हणाली, “ताई, पाणी आपल्याकडे येतंय बघ.” खरंच, आधी वाळूतल्या बारीक चरांमधून पाणी शिरलं, मग चर एकमेकांना मिळाले, आणि मघाशी आम्ही उभ्या होतो ती जागा वीस मिनिटांत चमकायला लागली. मागे हजिऱ्याच्या कारखान्यांची धुराडी, समोर मोठी मालवाहू जहाजं. चारशे वर्षांनीही माल याच बाजूला उतरतोय.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा आणि ओहोटी संपायच्या तासभर आधी पोचा. खंभातच्या आखातात भरतीचा वेग फसवा असतो, म्हणून पाण्यात उतरू नका आणि दांड्यावर लांब चालत जाऊ नका. आमच्या रिक्षावाल्याने थांबायचं कबूल केलं होतं. परत आलो तर तो निघून गेलेला. कडक उन्हात बराच वेळ चाललो तेव्हा कुठे एका टेम्पोवाल्या भाईंनी मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं. त्यामुळे येण्याजाण्याची गाडी ठरवा आणि पैसे परत आल्यावरच द्या. पाणी, टोपी, खायचं बरोबर ठेवा. सावली नाही.

शहरात मुक्काम चौक बाजाराच्या आसपास घेतला तर बरंच पायी पाहता येतं. मुंबई सेंट्रलपासून सुरत 263 किलोमीटर, वेगवान गाडीने तीन-सव्वातीन तास. शनिवार-रविवारचं आरक्षण लवकर भरतं. सुरतेच्या जुन्या भागात गाडी घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही, गल्ल्या अरुंद आहेत.

तापीकाठचा किल्ला 1540 च्या दशकात बांधलेला. पोर्तुगीजांनी त्याआधी सुरत जाळली होती, म्हणून गुजरातच्या सुलतानाने खुदावंदखानाकडून हा बांधून घेतला. चार गोल बुरूज, जाड भिंती. आता डागडुजी होऊन आत संग्रहालय झालं आहे. सोमवार टाळा, आणि निघण्याआधी वेळ विचारून घ्या. नदीकडच्या बुरुजावर थोडा वेळ उभं राहा. 1759 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला तेव्हा त्यांनी स्वतःला बादशहाचे किल्लेदार म्हणवून घेतलं, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीकडे असलेलं मुघल आरमाराचं काम, त्यासाठी मिळणाऱ्या तनख्यासकट, स्वतःकडे ओढलं. दीडशे वर्षं भाडोत्री म्हणून राहिलेल्यांनी घरमालकाचीच किल्ली कमरेला लावली!

भाडोत्री हा शब्द मी विचार करून वापरते. सुरतेतल्या टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, आपण नकळत राज्यकर्ते समजतो. त्या काळी तसं नव्हतं. जकात मुघलांची, बंदर मुघलांचं, आणि भांडवल बऱ्याचदा विरजी व्होरासारख्या सावकाराचं. विरजी व्होरा मालच्या माल उचलून भाव आपल्या हातात ठेवी. इंग्रज त्याच्यावर चरफडत आणि पैसे कमी पडले की त्याच्याच दारी कर्जाला जात. नीळ, सुती कापड, मिरी, सगळ्यासाठी दलाल लागे, आणि चांगला दलाल डचांनी आधी गाठला की इंग्रजांचा हंगाम हातचा जाई. डच 1616 च्या सुमारास आले, फ्रेंचांनी 1668 मध्ये फ्रान्स्वा कारोंच्या हाताखाली हिंदुस्थानातली आपली पहिली वखार इथेच घातली.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांतही ही चढाओढ दिसते. 1664 ला इंग्रज आणि डच आपापल्या वखारीची दारं लावून तोफा रोखून बसले, आणि नंतर दोघांनी बादशहाकडून जकातीत सवलत पदरात पाडून घेतली. विरजी व्होराचं घर मात्र धुऊन निघालं. 1670 च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या स्वारीत, फ्रेंचांच्या शेजारच्या सराईत काशगरचा पदच्युत राजा मक्केहून परतून उतरला होता. फ्रेंचांनी मराठ्यांशी परस्पर जुळवून घेतलं आणि राजाची संपत्ती मराठ्यांच्या हाती लागली, अशी इंग्रजांच्या कागदांत तक्रार आहे. ती वाचताना लुटीच्या दुःखापेक्षा फ्रेंच सुटले याचा जळफळाटच जास्त जाणवतो.

वखारींच्या इमारती शोधायला निघालात तर हाती फार काही लागत नाही. त्यात अर्धा दिवस घालवू नका, आम्ही घालवला. त्यापेक्षा मुघल सराई बघा. 1644 मध्ये हजला जाणाऱ्यांसाठी बांधलेली, आज तिथे महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. कामकाजाच्या दिवशी गेलात तर कमानींखाली दाखल्यांसाठी आलेली माणसं दिसतात. हे शहर मक्केचं दार होतं, हे तिथे पटतं.

आणि मग कतारगामच्या बाजूची दफनभूमी. यासाठी सकाळ राखून ठेवा. इंग्रजांची वेगळी, डच आणि आर्मेनियन शेजारी शेजारी. इंग्रजांकडे ऑक्झेंडन बंधूंची दुमजली कबर आहे. धाकटा ख्रिस्तोफर 1659 ला गेला, थोरला जॉर्ज 1669 ला. हा जॉर्ज म्हणजे 1664 ला वखार लढवणारा. खांब, कमानी, घुमट, चारही कोपऱ्यांना मनोरे. गावात भाड्याने राहणाऱ्या व्यापाऱ्याची कबर एखाद्या सरदाराला शोभावी अशी. डचांनी उत्तर दिलं हेंड्रिक व्हान रीडच्या कबरीने. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ याच माणसाचा. डच कंपनीतला भ्रष्टाचार खणून काढायला त्याला पाठवलं होतं, आणि डिसेंबर 1691 मध्ये सुरतेला येता येता जहाजावरच तो गेला. त्याचा घुमट इतका मोठा आहे की मला तर तो थेट ऑक्झेंडनला टोमणा वाटला.

फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या घरातल्या एका काकांना विचारलं, “काका, आ दरवाजो कोण खोलशे?” त्यांनी नातवाला पिटाळलं आणि पाच मिनिटांत राखणदार आला. कुलूप पाहून परत फिरू नका. गुजराती येत नसेल तर हिंदी चालतं. गवतात पाय टाकताना बूट हवेत, पावसाळ्यात तर जाऊच नका.

खाण्यासाठी जानेवारीत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, मिळतो, तो सोडू नका. नानखटाई घरी आणा. डच गेल्यावर त्यांची भट्टी पारशी कारागिराकडे राहिली आणि तिथून ही आली, असं सुरतेत सांगतात.

डचांच्या घुमटाकडे बघून लोक लगेच फिरतात. तसं करू नका, पलीकडे आर्मेनियन लोकांचे सपाट दगड आहेत. यांच्याकडे आरमार नव्हतं, राजाचं पाठबळ नव्हतं. पण माल कुणाच्या जहाजात चढेल हे अनेकदा यांच्या हातात असे. 1688 मध्ये खोजा फानूस कलंदर या आर्मेनियन व्यापाऱ्याने लंडनमध्ये इंग्रज कंपनीशी करार केला तो त्यासाठीच, आर्मेनियन व्यापार खुष्कीची वाट सोडून इंग्रजी जहाजांतून जावा म्हणून. या दगडांवरची अक्षरं झिजली आहेत आणि डोक्यावर ऊन आलं की काहीच दिसत नाही. आठच्या आत जा. खिशात लहान टॉर्च ठेवा आणि दगडाच्या कडेला टेकवून उजेड आडवा सोडा, म्हणजे अक्षरं वर येतात. बहिणीने तसं केलं तेव्हा आधी एक फुलांची नक्षी दिसली, आणि मग तिच्याखालची पूर्ण ओळ.