तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना बाखच का?

हा प्रश्न साधारण दीड वर्षानं येतो. तोवर पियानोवर मुलाची बोटं बऱ्यापैकी सुटलेली असतात, पाहुण्यांसमोर एखादं गाणं वाजवून शाबासकीही मिळालेली असते. मग एखाद्या संध्याकाळी न्यायला आलेली आई दाराशी चपला घालता घालता विचारते, "बाई, एवढं बाखच का हो? तीनशे वर्षांपूर्वीचा, तोही चर्चमधला. त्यापेक्षा ओळखीचं काही शिकवलंत तर त्याला मजा तरी येईल." दारात उभ्या उभ्या मी काहीतरी पुटपुटते आणि नंतर रात्री चुटपुट लागते. इतक्या जणींनी आणि जणांनी विचारलंय, म्हणून एकदा नीट लिहिते.

चर्चमधला हे खरं. १७२३ पासून १७५० साली जाईपर्यंत जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा कांटोर, म्हणजे तिथल्या संगीताचा प्रमुख होता. पण कांटोर हे पद निम्मं शाळामास्तराचं. चर्चला लागून शाळा होती आणि तिथल्या पोरांना गायला शिकवणं हे त्याचं रोजचं काम होतं. शिवाय मी मुलांसमोर जे ठेवते ते चर्चसाठी लिहिलेलंच नाही. ते त्यानं घरच्या पोरांसाठी आणि शिष्यांसाठी लिहिलं.

२२ जानेवारी १७२० या दिवशी त्यानं एक वही सुरू केली. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान तेव्हा नऊ वर्षांचा होता. वहीच्या सुरुवातीला स्वरांची नावं, मग मुरक्या-हरकतींसारखे जे बारीक अलंकार असतात त्यांचा तक्ता, प्रत्येक चिन्हाखाली ते कसं वाजवायचं ते उलगडून लिहिलेलं. त्यानंतर एक छोटा तुकडा, त्यात स्वरांवर बोटांचे आकडे घातलेले. मी मुलांच्या वहीत पेन्सिलनं आकडे घालते ना, तस्सेच. त्याच वर्षी उन्हाळ्यात बाख तेव्हाच्या आपल्या धन्याबरोबर, क्योटेनच्या राजपुत्राबरोबर, कार्ल्सबादला गेला होता. जुलैत मारिया बार्बारा गेली. ती त्याची बायको. तो परत आला तेव्हा तिचं दफनही होऊन गेलं होतं. वही मात्र पुढे चालू राहिली. त्या वहीची पुढची पानं उलटताना मला दर वेळी त्या घराची आठवण होते.

या वहीतच त्या पंधरा लहान रचनांचे पहिले खर्डे आहेत, ज्यांना आपण दोन आवाजांची इन्व्हेन्शन्स म्हणतो. आवाज म्हणजे इथे एकाच वेळी चालणारी स्वतंत्र सुरावट. १७२३ मध्ये त्यानं त्या स्वच्छ अक्षरात उतरवल्या आणि पहिल्या पानावर हेतू लिहून ठेवला: शिकू पाहणाऱ्यांना आधी दोन आणि मग तीन आवाज नीट वाजवता यावेत, सुचलेली कल्पना वाढवता यावी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वादनात गाणं यावं. आपले सतारिये ज्याला गायकी अंग म्हणतात, त्याचीच ही मागणी. तीही अशा वाद्यासाठी ज्यात मींड काढता येत नाही.

आता पहिलं इन्व्हेन्शन बघा. घरी हार्मोनियम असेल तर जवळ ओढा. काळी-पांढरी कुठलीही पट्टी घ्या आणि उजव्या हातानं म्हणा: सा रे ग म, रे ग सा, प. संपला विषय. क्लासला पहिल्या आठवड्यात घोटून घेतात त्या अलंकारासारखाच आहे की नाही? पण उजवा हात पंचमावर पोचतो न पोचतो तोच डावा हात खालच्या सप्तकात तेच म्हणायला लागतो. थोडं पुढे गेलं की तोच अलंकार उलटा येतो: ध प म ग, प म ध, प. चढण होती तिथे उतरण. बावीस मात्राखंडांचा हा सगळा तुकडा जवळजवळ एवढ्याच ऐवजावर उभा आहे. नवं काही आणलेलं नाही, हातात आहे तेच फिरवून फिरवून पाहिलंय. ज्या घरात बंदिशीची बढत ऐकलेली असते त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट कळायला अजिबात वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट डाव्या हाताची आहे. तुम्ही म्हणता ती ओळखीची गाणी मी शिकवतेच, मलाही ती आवडतात. पण त्यात डावा हात नुसता ठेका धरून कॉर्ड दाबत बसतो. मुलं त्याला विसरूनच जातात. बाखमध्ये असं चालत नाही. उजवा हात जे बोलतो ते डाव्यालाही बोलावं लागतं, तितक्याच स्पष्टपणे, आणि एक बोलत असताना दुसऱ्यानं ऐकावं लागतं. पहिले तीन आठवडे मुलं रडकुंडीला येतात. मग एक दिवस डावा हात एकदम जागा होतो. मुलगा थांबतो, स्वतःच्या हाताकडे बघतो आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवतो, या वेळी मी न सांगता. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी दर वेळी गळा दाटून येतो.

मी शिकले पुण्यात कॅम्पमध्ये, मूळच्या गोव्याच्या असलेल्या एका मिसकडे. त्या छापील पुस्तक घरी न्यायला द्यायच्या नाहीत. पाच रेघांची वही घेऊन समोर बसायचं आणि हातानं उतरवून घ्यायचं. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, तरीही. तेव्हा राग यायचा. पण उतरवताना हाताला जे कळतं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हे पहिल्या इन्व्हेन्शनच्या वेळीच लक्षात आलं. अलंकार उलटा झालाय हे मी वाजवून नाही, लिहून शोधलं होतं.

बाखचं सगळं आयुष्यच या उतरवून घेण्यात गेलंय. दहाव्या वर्षी तो पोरका झाला आणि ओरड्रुफला थोरल्या भावाकडे राहायला गेला. भावाकडे नामांकित उस्तादांच्या रचनांची एक वही होती, जाळीच्या कपाटात बंद. जाळीतून हात घालून, वहीची सुरळी करून ती बाहेर ओढायची आणि रात्री चंद्राच्या उजेडात उतरवायची, असं त्यानं सहा महिने केलं. भावाला कळल्यावर त्यानं ती नक्कल काढून घेतली. १७५४ साली छापलेल्या मृत्युलेखात ही हकिकत आहे आणि तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक त्याचाच मुलगा होता. पुढे त्याची दुसरी बायको आना माग्दालेना, स्वतः पगारी गायिका, नवऱ्याच्या रचना उतरवत राहिली. चेलोसाठीचे सहा स्वीट (नृत्यतुकड्यांच्या माळा) आपल्याला आज मिळतात ते मुख्यतः तिच्या हातच्या प्रतीमुळे, कारण बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. तिचं अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखं इतकं झालं होतं की कित्येक वर्षं लोकांना तिची प्रत त्याचीच वाटे. ती स्वतः १७६० मध्ये गेली, धर्मादायावर जगत.

तिच्याच १७२५ च्या वहीत तो प्रसिद्ध मिन्युएट, म्हणजे नाचाचा छोटा तुकडा, आहे, जी मेजरमधला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना बाख म्हणून तेवढा एकच माहीत असतो. तो बाखचा नाही, क्रिस्टियान पेट्झोल्ड नावाच्या संगीतकाराचा आहे. तरी मी तो शिकवते, नाव बरोबर सांगून.

बाख मेल्यावर विसरला गेला आणि १८२९ मध्ये मेंडेल्सोहन या संगीतकारानं त्याला शोधून काढलं, अशी गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. मला ती अर्धीच पटते. वीस वर्षांच्या मेंडेल्सोहननं ११ मार्च १८२९ ला बर्लिनमध्ये बाखची सेंट मॅथ्यू पॅशन ही मोठी चर्चरचना पुन्हा उभी केली, हे मोठंच काम. मोठ्या रचना खरोखर गप्प पडल्या होत्या. पण शिकवण्याच्या वह्या कधीच गप्प झाल्या नव्हत्या. वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर या त्याच्या संग्रहाचा पहिला भाग १७२२ चा. बाराही स्वरांना सा मानून प्रत्येकाच्या दोन, एक मेजर आणि एक मायनर, अशा प्रेल्यूड आणि फ्यूग या दोन प्रकारच्या तुकड्यांच्या चोवीस जोड्या. तो पूर्ण छापला गेला १८०१ मध्ये. मधली जवळपास ऐंशी वर्षं तो गुरूकडून शिष्याकडे, हातानं उतरवलेल्या प्रतींमधून चालत राहिला. बॉनमधला एक मुलगा त्यातलं बरंचसं वाजवतो, असं त्याच्या गुरूनं १७८३ साली छापून आणलं होतं. तो मुलगा बेथोव्हन. हे वाचल्यावर मला आपली घराणी आठवली. कागद त्यांच्याकडे होता, आपल्याकडे कान. पण समोर बसून घेणं तेच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर बाखचे तीन तुकडे आहेत, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवीही आहे. दोघंही तालमीतून आलेले.

गेर्बर नावाचा एक शिष्य होता. त्याच्या मुलानं वडिलांची आठवण लिहून ठेवलीय. कधी कधी बाख म्हणायचा, आज शिकवायचं मनात नाही. आणि मग आपल्या उत्तम वाद्यांपैकी एकापुढे बसून स्वतःच वाजवू लागायचा. वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर त्यानं असा गेर्बरला तीनदा संपूर्ण ऐकवला. ते तास गेर्बरला मिनिटांसारखे वाटायचे.

तर पुढच्या गुरुवारी तुम्ही मुलाला न्यायला येता तेव्हा दहा मिनिटं आधी या आणि आत येऊन बसा. उजवा हात मी वाजवीन, डावा तो वाजवेल. तुम्ही फक्त खालचा आवाज ऐका.